शिक्षकांचे शिकते गट: टेबलावर आधी मुलांच्या वह्या हव्यात

प्रश्न: आमच्या शाळेत एका विषयाचे शिक्षक दर आठवड्याला एकत्र बसतात. सूचना वाचल्या जातात, कोणाचा भाग कुठवर शिकवून झाला याची चौकशी होते, कोणीतरी एखादा उपक्रम सांगतं आणि बैठक संपते. वर्षभरात कोणाच्याही शिकवण्यात फारसा फरक पडलेला नाही. शिक्षक एकमेकांकडून खरोखर शिकतील असा गट कसा बांधायचा?

उत्तर:

तुमच्या बैठकीत जे चालतं ते निरुपयोगी नाही, पण त्यातून कोणी शिकत नाही याचं कारण साधं आहे. बैठक संपल्यावर प्रत्येकजण आपल्या वर्गात जाऊन कालचंच करू शकतो आणि त्याने कोणाचंही काही अडत नाही. शिक्षण-संशोधक ज्यूडिथ वॉरन लिटल यांनी १९९० मध्ये शिक्षकांच्या एकत्र येण्याचे चार प्रकार मांडले: किस्से सांगणं, मागितली तर मदत देणं, साहित्याची देवाणघेवाण आणि एकच काम मिळून करणं. पहिल्या तीन प्रकारांत प्रत्येकाचा वर्ग त्याच्या ताब्यात जसाच्या तसा राहतो. चौथ्यात माझ्या निर्णयाचा परिणाम तुमच्या पुढच्या तासावर होतो, आणि शिकणं तिथेच सुरू होतं.

इथे एक फसगत हमखास होते. पाच जणांनी घटक वाटून घ्यायचे, प्रत्येकाने एकाचं टाचण, म्हणजे पाठाची लेखी आखणी, काढायचं आणि बाकीच्यांनी ते उतरवून घ्यायचं, यालाच 'मिळून काम' समजलं जातं. वेळ वाचतो, यात शंका नाही. पण टाचण काढताना जो विचार करावा लागतो तो पाचांपैकी एकानेच केलेला असतो, उरलेल्या चौघांच्या हाती फक्त कागद येतो. कामाची वाटणी आणि कामातली भागीदारी यांतला हा फरक गट बनवणाऱ्याने पहिल्या दिवशीच ओळखायला हवा.

गटाच्या मधोमध मुलांचं काम हवं. वह्या, उत्तरपत्रिका, फळ्यावर मुलाने सोडवलेल्या गणिताचा फोटो, काहीही चालेल, पण मुलाच्या हातचं हवं. ते नसेल तर चर्चा आठवणींवर चालते, आणि आठवणीतला वर्ग नेहमी खऱ्या वर्गापेक्षा जरा बरा असतो.

माणसं किती आणि कोणती

चार ते सहा. तिघांपेक्षा कमी असतील तर एकजण रजेवर गेला की गट मोडतो. सातच्या पुढे कोणीतरी गप्प बसायला सुरुवात करतं. पाच जणांत दोघादोघांच्या १० जोड्या होतात, आठ जणांत २८, म्हणजे माणसं तीनच वाढली तरी सांभाळायची नाती जवळजवळ तिप्पट होतात. विषयाचे आठ-नऊ शिक्षक असतील तर सरळ दोन गट करा.

एकच इयत्ता आणि एकच विषय ही सर्वांत सोपी जुळणी, कारण सगळे साधारण एकाच आठवड्यात एकच गोष्ट शिकवत असतात. छोट्या शाळेत विषयाला शिक्षकच एक असतो. तिथे दोन वाटा आहेत. लागोपाठच्या इयत्तांचे शिक्षक घ्यायचे, उदाहरणार्थ पाचवी, सहावी आणि सातवीचे गणित शिकवणारे, म्हणजे एकीकडची गैरसमजूत पुढे कुठे डोकं वर काढते ते दिसतं. किंवा वेगवेगळ्या विषयांचे शिक्षक घेऊन एक सामाईक कौशल्य धरायचं: 'उत्तरात कारण लिहिणं' हे विज्ञानालाही लागतं, इतिहासालाही आणि भाषेलाही. ही दुसरी वाट चालते, मात्र कौशल्य इतकंच अरुंद ठेवलं तर. 'मुलांची विचारशक्ती वाढवणं' असा विषय घेतलेल्या गटाला सहा महिन्यांनीही आपण कुठे आहोत ते सांगता येत नाही.

मैत्री असलेल्यांचाच गट करू नका. मित्र लवकर जमतात, पण एकमेकांना टोचेल असं काही बोलत नाहीत.

वेळ

आठवड्याला ४५ ते ६० मिनिटं, वेळापत्रकाच्या आत. शाळा सुटल्यानंतर ठेवलेली बैठक दीड-दोन महिने उत्साहावर चालते, मग घरी जायच्या घाईत तिचा बळी जातो. दर आठवड्याला जमणारच नसेल तर पंधरवड्याला ९० मिनिटं घ्या. महिन्यातून एकदा मात्र उपयोगाचं नाही, कारण तोवर तो घटक संपलेला असतो आणि दुरुस्तीची संधीही.

सामाईक मोकळी तासिका 'मिळत नाही' अशी तक्रार बहुतेक शाळांत असते. ती मिळत नाही कारण वेळापत्रक भरून झाल्यावर शोधली जाते. उलट क्रमाने करा. कोऱ्या तक्त्यावर आधी गटाची तासिका टाका, त्या वेळी या पाच शिक्षकांच्या वाट्याला येणाऱ्या वर्गांना खेळ, चित्रकला, संगीत, ग्रंथालय असे तास द्या आणि मग बाकीचं भरा. एवढ्यावर थांबू नका. बदली तासांच्या वहीत त्या तासिकेपुढे 'ही पाच नावं उपलब्ध नाहीत' असं लिहून ठेवा. गटाची वेळ सर्वांत जास्त खाल्ली जाते ती गैरहजर शिक्षकाच्या वर्गावर पाठवण्यात, आणि ती एकदा गेली की दुसऱ्यांदा जायला कोणाची परवानगीही लागत नाही.

सहा आठवड्यांचं एक आवर्तन

अशा शिक्षकगटांचा पुरस्कार करणारे अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ रिचर्ड ड्यूफोर यांनी शिक्षकगटांपुढे चार प्रश्न ठेवले होते: मुलांनी नेमकं काय शिकावं, ते शिकलं हे कशावरून कळेल, शिकलं नसेल तर आपण काय करणार, आणि आधीच येत असेल तर काय करणार. प्रश्न सोपे वाटतात. पाच शिक्षकांना पहिल्याचं उत्तर वेगवेगळ्या कागदांवर लिहायला सांगा, मग कळतं की एकच पाठ्यपुस्तक शिकवणारे पाच जण पाच गोष्टी शिकवत आहेत.

पहिल्या आठवड्यात एकच अध्ययन निष्पत्ती, म्हणजे शिकून झाल्यावर मुलाला जे करता यायला हवं ते, निवडा, एका आठवड्यात शिकवून होईल इतकी लहान. 'दशांश अपूर्णांक' हा घटक झाला. 'दोन दशांश अपूर्णांकांतला मोठा ओळखणं आणि कारण सांगणं' ही कामाला येणारी निष्पत्ती.

दुसऱ्या आठवड्यात सगळ्यांनी मिळून चार-पाच प्रश्नांची छोटी चाचणी बनवायची. हा आठवडा गट बहुधा उरकून टाकतात, आणि खरं तर सर्वांत जास्त शिकणं इथेच दडलेलं असतं, म्हणून जरा सविस्तर सांगतो. दशांशांची तुलना करताना मुलांचे दोन चुकीचे नियम ठरलेले असतात. काहींना वाटतं, जास्त अंकांची संख्या मोठी, म्हणून ०.३५ हे ०.४ पेक्षा मोठं, कारण ३५ हे ४ पेक्षा जास्त. काहींचं नेमकं उलट: कमी अंकांची संख्या मोठी, कारण दशांश शतांशापेक्षा मोठा असतो हे अर्धवट लक्षात राहिलेलं असतं. आता चाचणीत '०.३५ आणि ०.२ यांत मोठी कोणती' असा प्रश्न टाकला तर पहिल्या चुकीच्या नियमाचं मूलही बरोबर उत्तर देतं आणि आपण खूश होतो. ते मूल ०.३५ आणि ०.४ या जोडीवर सापडतं. पण याच जोडीवर दुसऱ्या नियमाचं मूल बरोबर येतं, त्याला पकडायला ०.४५ आणि ०.३ लागतात. शिवाय ०.४ आणि ०.४० ही जोडी हवीच, तिथे दोन्ही प्रकारची मुलं उघडी पडतात. चार प्रश्नांच्या निवडीवर पाच शिक्षकांनी अर्धा तास वाद घातला तर तो अर्धा तास प्रशिक्षणाच्या एका दिवसाइतका मोलाचा असतो. बरोबर उत्तराला किती आणि कारणाला किती गुण, हेही चाचणी घेण्याआधी ठरवा. नंतर ठरवलं तर प्रत्येकजण आपल्या वर्गाला सोयीचं ठरवतो, आणि तेही नकळत.

तिसऱ्या आठवड्यात शिकवणं आणि चाचणी. चौथ्यात वह्या घेऊन बसणं. पाचव्यात ठरलेला बदल करून फिरून शिकवणं, सगळ्या वर्गाला नव्हे तर ज्यांना लागतं त्यांना, आणि ज्यांना आधीच येतं त्यांच्यासाठी वेगळं काम. सहाव्यात तशाच धर्तीची दुसरी चाचणी आणि अर्ध्या पानाचं टिपण. शालेय वर्षात अशी चार आवर्तनं झाली तरी भरपूर. आठ करायला गेलेला गट फाइली भरू लागतो.

वह्या पाहण्याची बैठक

या बैठकीला ठरलेला क्रम लागतो. मोकळ्या चर्चेत दोन मिनिटांत कोणीतरी उपाय सुचवतं आणि वह्या मिटल्या जातात. ५० मिनिटांची वाटणी अशी चालते. ज्याच्या वर्गाचं काम आहे तो ५ मिनिटांत सांगतो: मुलांना काय करायला दिलं होतं आणि त्याला स्वतःला कशाचा उलगडा होत नाहीये. पुढची ३ मिनिटं फक्त माहितीचे प्रश्न, म्हणजे किती वेळ दिला होता, पुस्तक उघडं होतं का, एवढंच. मग ८ मिनिटं शांत वाचन. त्यानंतर १० मिनिटं 'काय दिसतंय' एवढंच बोलायचं आणि पुढची १० मिनिटं 'मूल काय विचार करत असेल'. ८ मिनिटं 'म्हणून शिकवण्यात काय बदलायचं'. या २८ मिनिटांत काम आणणारा शिक्षक बोलत नाही, फक्त लिहितो. शेवटी ४ मिनिटं त्याची आणि २ मिनिटं टिपणाची.

त्याला गप्प बसवायचं कारण असं की तो बोलू लागला की बचाव करू लागतो. 'त्या दिवशी वीज गेली होती', 'हा मुलगा आठवडाभर नव्हता' ही कारणं खरी असतील, पण त्यांनी चर्चा थांबते.

'काय दिसतंय' हा टप्पा सर्वांत अवघड जातो. 'मुलांना संकल्पनाच कळलेली नाही' हे दिसणं नाही, तो निकाल आहे. 'नऊपैकी पाच वह्यांत ०.३५ मोठं म्हटलंय आणि त्यातल्या चौघांनी कारणात ३५ हा अंक लिहिलाय' हे दिसणं. गट चालवणाऱ्याने इथे न लाजता अडवायला हवं: 'हे कोणत्या वहीत दिसलं?' एवढा एकच प्रश्न पुरतो. अशा शोधातूनच कधीतरी लक्षात येतं की दोन वर्गांत ही संख्या 'शून्य दशांश चिन्ह पस्तीस' अशी वाचली जाते आणि दोन वर्गांत 'शून्य दशांश चिन्ह तीन पाच' अशी. 'पस्तीस' ऐकलेल्या मुलाने तिची चाराशी तुलना केली तर दोष त्याच्या कानाचा नाही.

वह्या सहा ते नऊ आणा, नावं झाकून. पूर्ण वर्गाचा गठ्ठा आणला तर कोणीच नीट वाचत नाही. निवड करताना अगदी चांगल्या आणि अगदी कोऱ्या वह्या कमी घ्या. मधल्या, जवळजवळ बरोबर आलेल्या वह्यांत सांगण्यासारखं सर्वांत जास्त असतं.

आकड्यांबद्दल सावधगिरी

३० मुलांच्या एका वर्गात ६० टक्के मुलं पास आणि शेजारच्या तेवढ्याच वर्गात ६७ टक्के, म्हणजे फरक दोन मुलांचा. त्या दिवशी दोघं नीट झोपली नसतील. अशा फरकावरून 'तुमच्या वर्गाचं काय झालं?' असा प्रश्न एकदा जरी विचारला गेला तरी पुढच्या आवर्तनापासून चाचणीआधी सराव सुरू होतो, सोपे प्रश्न सुचवले जातात आणि अडचणीची वही पिशवीतच राहते. वर्गवार तक्ता भिंतीवर लावू नका. प्रश्नवार तक्ता करा: कोणता प्रश्न सगळीकडेच चुकला आणि कोणता एकाच वर्गात बरा आला. दुसरा प्रकार सापडला तर त्या शिक्षकाला 'शाबास' म्हणण्यापेक्षा 'तुम्ही नेमकं काय केलंत, फळ्यावर काय लिहिलंत' हे विचारणं जास्त कामाचं.

तास पाहणं

चारपैकी एखाद्या आवर्तनात तास पाहण्याची जोड द्या. जपानमध्ये 'ज्युग्यो केंक्यू', म्हणजे पाठाचा अभ्यास, ही पद्धत फार जुनी आहे. पाठ सगळ्या गटाने मिळून आखायचा, एकाने शिकवायचा, बाकीच्यांनी पाहायचा आणि शक्यतो त्याच दिवशी चर्चा करायची. जपानबाहेर १९९९ च्या सुमारास तिची चर्चा वाढली, आणि अनेक ठिकाणी तिचं सांगाडारूपच उचललं गेलं: बघणारे मागच्या बाकावर बसतात, शिक्षकाकडे बघतात आणि शेवटी 'छान झाला पाठ' म्हणतात. मागे बसल्यावर मुलांच्या पाठीच दिसतात. बघणाऱ्यांनी कडेला, मुलांचे चेहरे आणि वह्या दिसतील असं उभं राहावं, प्रत्येकाने तीन-चार मुलं वाटून घ्यावीत आणि त्या मुलांनी काय लिहिलं, कुठे थांबली, शेजाऱ्याला काय विचारलं ते वेळेसह टिपावं. मुलांना मदत करायची नाही. हे शिक्षकांना फार जड जातं, पण मदत केली की मूल कुठे अडलं असतं ते कळतच नाही. पाठ सगळ्यांचा असल्यामुळे तो फसला तर आखणी फसली असं बोलता येतं, शिकवणारा एकटा पडत नाही.

गट कुठे बिघडतो

सर्वांत मोठं दुखणं भांडणाचं नसतं, भिडेचं असतं. सगळे एकमेकांची री ओढतात, सगळं 'छान' असतं. यावर उपदेशाचा परिणाम होत नाही. पहिली फसलेली वही कोण टेबलावर ठेवतं याचा होतो, आणि ती गटातल्या सर्वांत अनुभवी, मान असलेल्या शिक्षकानेच ठेवायला हवी. नव्या शिक्षकाला पहिल्यांदा पुढे केलं तर तो परीक्षा समजून आपलं उत्तमच आणतो. संस्थांमधल्या पथकांचा अभ्यास करणाऱ्या संशोधक एमी एडमंडसन यांच्या रुग्णालयांतल्या पथकांवरच्या १९९६ च्या अभ्यासात चांगल्या नेतृत्वाखालच्या पथकांत चुकांची नोंद जास्त आढळली होती; तिथे चूक बोलून दाखवायची भीती कमी होती. शिक्षकगटातही फसलेलं काम जास्त येऊ लागलं तर घाबरू नका.

दुसरं, 'ही मुलंच तशी आहेत, घरी कोणी बघत नाही.' हे वाक्य खोडून काढायला जाऊ नका, त्यात पाच मिनिटं जातात आणि बोलणारा दुखावतो. 'मान्य. मग आपल्या ४५ मिनिटांत काय बदलता येईल?' असं म्हणून वहीकडे वळा.

एकटाच बोलणारा सगळ्या गटांत असतो. बोलण्याआधी प्रत्येकाने दोन मिनिटं लिहायचं आणि मग क्रमाने एकेक मुद्दा सांगायचा, एवढ्यानेही तोल सावरतो. गट चालवण्याचं काम आवर्तनागणिक बदला, दर बैठकीला नको. एका बैठकीत कोणी ते शिकत नाही. जो यायलाच तयार नाही त्याच्यामागे लागू नका. त्याच्या हातखंड्याच्या गोष्टीबद्दल गटाचा एक खरा प्रश्न घेऊन त्याच्याकडे जा. आमंत्रणापेक्षा प्रश्नाला माणसं लवकर उत्तर देतात.

नियम पाच-सहाच ठेवा आणि ते गटानेच लिहावेत: वेळेवर सुरुवात, मोबाइल बाजूला, गैरहजर सहकाऱ्याबद्दल बोलायचं नाही, इथलं बोलणं बाहेर जाणार नाही, ठरलेलं करून बघायचं. शेवटचा नियम सर्वांत जास्त मोडतो. म्हणून प्रत्येक बैठकीची पहिली पाच मिनिटं 'मागच्या वेळी ठरलेलं कोणी करून पाहिलं आणि काय झालं' यालाच द्या, वह्यांच्या बैठकीच्या ५० मिनिटांत ती धरलेली नाहीत.

मुख्याध्यापकांचं काम थोडं आहे, पण चुकलं तर गट संपतो. तासिका राखायची. सूचना या वेळेत घुसवायच्या नाहीत, त्या कागदावर फिरवाव्यात. बैठकीला आले तर गटाचेच नियम पाळायचे आणि वही वाचणाऱ्यांपैकी एक व्हायचं. गटाचं टिपण किंवा पाहिलेला तास कोणाच्याही मूल्यमापनाच्या फाइलीत जाणार नाही, हे वर्षाच्या सुरुवातीला तोंडी नव्हे तर लेखी द्यावं. शिक्षण-संशोधक अँडी हरग्रीव्हज यांनी लादलेल्या सहकार्याबद्दल पूर्वीच इशारा दिला होता: वरून वेळ, विषय आणि अहवालाचा नमुना ठरवून दिला की शिक्षक एकत्र बसतात, पण एकत्र काम करत नाहीत. माझं मत विचाराल तर वेळ वरून ठरवून द्यावी, विषय मुळीच नको.

टिपण एका पानाच्या आत असावं. तारीख, काय दिसलं, काय ठरलं, कोण केव्हा करणार, पुढच्या वेळी कोणाच्या वह्या. त्याहून लांब झालं तर ते कोणासाठी तरी लिहिलं जातंय असं समजा.

गट जमतोय का हे निकालावरून पहिल्या वर्षी कळणार नाही. दुसऱ्या आवर्तनाच्या शेवटी भाषा ऐका. 'माझ्या वर्गात' ऐवजी 'आपल्या मुलांना' येऊ लागलं का, मतभेद बैठकीतच बोलले जातात की बाहेर पडल्यावर, आणि कोणी एखादी जुनी सवय, मग ती संख्या वाचण्याची असो की फळा पुसण्याची, सोडली का. तीन आवर्तनं होऊनही शिकवण्यातला एकही बदल नाव घेऊन सांगता येत नसेल, तर माणसं बदलण्याआधी निष्पत्ती फार मोठी घेतली होती का ते तपासा. बहुतेक वेळा तिथेच अडलेलं असतं.